स्पेनच्या मायोर्का बेटावर रोडबाईक : मुक्काम कुठे, घाट कुठले, कुठल्या क्रमाने?

वळणदार (फ्रँकफर्ट)

फेब्रुवारी लागला की व्यनि (खासगी निरोप) सुरू होतात, "एप्रिलात मायोर्काला चाललोय, सा कालोब्राचा घाट पहिल्याच दिवशी मारू का?" प्रत्येकाला वेगळं टंकत बसण्यापेक्षा धागा काढलेला बरा. माझं मत आधीच सांगतो, नंतर हवं तेवढं भांडा. पहिल्या दिवशी सा कालोब्रा नको, आणि पाल्मा शहरात मुक्काम नको.

बेटाचा नकाशा बघा. वायव्य काठाने सेरा दे त्रामुन्ताना ही डोंगररांग टोकापासून टोकापर्यंत गेली आहे (२०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे). मधला सगळा भाग सपाट, फार तर बारीक चढउतारांचा. घाट एका अंगाला, शेतांमधले चिंचोळे रस्ते दुसऱ्या अंगाला. उत्तरेला पोर्ट दे पोलेन्सा किंवा आल्कूदियाला राहिलात तर दोन्ही दारातून सुरू होतात. पाल्माहून मात्र सिग्नल आणि राउंडअबाउट ओलांडण्यातच सकाळची हवा निघून जाते. वारा पडलेला असतो तो सकाळीच, त्यामुळे ती वेळ शहरात घालवणं परवडत नाही.

पहिली राईड केप फोर्मेन्तोर. पोर्ट दे पोलेन्सा सोडलं की लगेच चढ लागतो. अंग गरम होईतो एस कोलोमेरचा मिरादोर (दृश्य बघायचा कठडा) येतो. कठड्याशी जाऊन खाली बघा, कडा थेट समुद्रात उतरलाय. मग उतार, पाइनच्या झाडीतला सपाट पट्टा, पुन्हा चढ, एक बोगदा आणि शेवटी टोकावर १८६३ सालचं दीपगृह. जाऊन येऊन ४० किमीच्या आसपास. आकड्यावर जाऊ नका, सतत वरखाली आहे आणि परतताना तेच चढ उलट्या बाजूने भेटतात. दीपगृहापाशी शेळ्या फिरत असतात, जर्सीच्या खिशातलं केळं सांभाळा. उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्यांना या रस्त्यावर बंदी असते, सायकलींना नसते. त्यामुळे गर्दीच्या मोसमातही हा रस्ता सायकलवाल्यांना जमतो.

दुसरी राईड युकच्या मठाची. पोलेन्सा गावातून एमए-१० या डोंगरातल्या रस्त्यावर कोल दे फेमेनिया (कोल म्हणजे खिंड) चढायचा. साडेसात किमीचा चढ, पाच-साडेपाच टक्के, वर ओकची दाट सावली. पुढे युकचा मठ, त्याच्या जवळच कोल दे सा बातायावर एक पेट्रोल पंप. पंपाला लागून कॅफे आहे आणि बेटावरचा प्रत्येक सायकलस्वार तिथे एकदा तरी टेकतोच. तिथून कायमारीकडे उतरा. एकसारखा ५ टक्के उतार आहे, ब्रेकला फारसं काम नाही. मग कांपानेतवरून मागच्या रस्त्याने घरी. ६०-६५ किमी होतात.

या दोन राईड झाल्या की पाय काय म्हणतात ते कळतं. सा कालोब्रा त्यानंतर.

कोकणचो_झिल (मालवण)

वा, मस्त. पण बेटार जावक इतक्या लांब कशाक? आमचो रेवस-रेडी सागरी मार्ग आसा की! चढ हवे तर चढ, समुद्र हवो तर समुद्र, मधी जेटीवर सायकल बोटीत घाला. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. आणि दुपारी माशाचा जेवण!

वळणदार

झिलबा, त्या रस्त्याला मी नाव ठेवणार नाही. खाडी उतरायची, बोटीत बसायचं आणि पलीकडे लगेच लाल मातीतला उभा चढ, हे सुख मायोर्कात नाही. पण तिकडे ट्रक, म्हशी आणि खड्डे यांच्यावर डोळा ठेवून चालवावं लागतं. इथे डोळा फक्त रस्त्याच्या रेषेवर. ज्याला नुसतं सलग चढायचंय आणि निर्धास्त उतरायचंय, त्याच्यासाठी ही जागा. कोकणावर वेगळा धागा काढ, मी येतो तिथे.

पंक्चरपंत (पुणे)

वाचतोय. सा कालोब्राबद्दल सविस्तर लिहा. दर रविवारी सिंहगड करणाऱ्या माणसाला तो कितपत अवघड जाईल? आमच्या ग्रुपमधले चौघं सप्टेंबरअखेर जायच्या विचारात आहेत.

वळणदार

पंत, सिंहगड नेमाने करत असाल तर पायांची चिंता नको. लांबी जवळपास तेवढीच, साडेनऊ किमी. सरासरी ७ टक्के, माथा ६८२ मीटरवर, कोल देल्स रेइस. सिंहगडावर जे अचानक अंगावर येणारे टप्पे आहेत तसे इथे कमी. चढ एकसारखा आहे, गियर एकदा लागला की फारसा बदलावा लागत नाही.

घोळ दुसरीकडे आहे. रस्ता खाली समुद्रापाशी जाऊन संपतो. म्हणजे आधी उतरायचं, मग त्याच रस्त्याने वर यायचं, दुसरी वाट नाही. पोर्ट दे पोलेन्साहून निघालात तर घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत फेमेनिया पायांत गेलेला असतो. एमए-१० वरच्या फाट्यापाशी दगडी पाटाची कमान दिसते, तिथून आधी थोडा चढ चढून माथा आणि मग उतार. पूर्ण राईड शंभर किमीच्या आतबाहेर, चढ दोन हजार मीटरच्या वर. सिंहगड एकटाच करणं आणि सिंहगडाच्या आधी-नंतर आणखी दोन घाट करणं यात जो फरक तोच इथे.

रस्ता १९३२ चा, इंजिनिअर आंतोनियो पारिएत्ती. फोर्मेन्तोरचा रस्ताही त्याचाच. बोगदा एकही नाही, डोंगर फोडून निघालेला दगडच भरावाला वापरलाय. २६ हेअरपिन वळणं. माथ्याजवळ रस्ता पूर्ण गिरकी घेऊन स्वतःच्याच खालून निघतो, सगळे त्याला टायची गाठ म्हणतात. उतरताना तिथे आपण पुलाखाली शिरतोय आणि मघाशी त्याच पुलावर होतो, हे कळेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. खाली शेवटच्या टप्प्यात दोन उभ्या खडकांच्या मधून रस्ता काढलाय. तिथे समोरून बस आली तर सायकल बाजूला घेऊन थांबायचं, गत्यंतर नाही.

बस हाच खरा वैरी. साडेनऊ-दहानंतर पर्यटकांच्या मोठ्या बस सुरू होतात. वळणावर बस पूर्ण रस्ता घेते आणि मागे सायकलींची रांग लागते. सात-साडेसातला निघा, त्यांच्या आधी खाली पोचा. उतरताना कार मागे लागली तर तिला पुढे जाऊ द्या.

शीतल_तिसरा_गियर (लीड्स)

क्रमाबद्दल +१. पण मुक्कामाबद्दल सहमत नाही. मी पोर्ट दे सोयेरला राहते आणि तिथून बेट जास्त आवडतं. उत्तरेला एप्रिलात सगळी हॉटेलं सायकलवाल्यांनी भरलेली असतात, न्याहारीच्या रांगेत लायक्राच लायक्रा. सोयेर हे संत्र्यांच्या बागांमधलं गाव आहे, संध्याकाळी तिथे माणसंही दिसतात.

सोयेरहून पूच माजोर शिखराकडचा घाट थेट दारातून सुरू होतो. १४ किमी, सहा टक्के, वरपर्यंत एक लय. शिखरावर लष्करी रडार आहे, त्यामुळे अगदी वर जाता येत नाही. रस्ता साडेआठशे मीटरच्या वर एका बोगद्यातून पलीकडे निघतो, तिथे कूबेर आणि गोर्ग ब्लाउ हे दोन जलाशय. उन्हाळ्यात खाली अंग भाजत असतं आणि या बोगद्यातून बाहेर पडताना विंडचीटर आठवतो.

दुसऱ्या बाजूला कोल दे सोयेर. १९९७ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला, गाड्या सगळ्या तिकडे वळल्या आणि जुना घाट सायकलींना मोकळा मिळाला. बोगद्यात सायकलला बंदी आहे, त्यामुळे नकाशाचं ॲप तिकडून नेत असेल तर ऐकू नका. घाट ४९६ मीटर उंचीचा, चढ सौम्य, वळणांवर वळणं. पलीकडे उतरलात की बुन्योला, तिथून ओरिएन्तची दरी. ओरिएन्तचा रस्ता माझ्या मते बेटावरचा सर्वांत देखणा, आणि त्यातून समुद्र दिसतसुद्धा नाही.

एक सूचना. सोयेर ते बंदर अशी १९१३ पासूनची ट्राम आहे आणि तिचे रूळ रस्त्यातच आहेत. २५-२८ मिमीचा टायर त्या खाचेत बरोबर बसतो. रूळ ओलांडायचे असतील तर काटकोनात ओलांडा, विशेषतः पाऊस असेल तेव्हा.

वळणदार

सोयेरला राहायला माझी हरकत नाही, पण तिथून कुठेही जायचं तर आधी घाट. पायांना आराम हवा त्या दिवशी काय करायचं? खाली सपाटीवर यायलाही कोल चढावाच लागतो.

शीतल_तिसरा_गियर

त्या दिवशी बंदरावर कॉफी प्यायची. सुट्टीवर आलोय ना आपण?

निवृत्त_पण_फिरता (नाशिक)

चर्चा छान रंगली आहे. माझं वय पासष्ट, गुडघे सांभाळून सायकल चालवतो. मुलगा जर्मनीला असतो, त्याच्याबरोबर जायचा बेत आहे. घाट त्याला करू देत. मला रोज पन्नास-साठ किमी आरामात चालवायला काही आहे का? का बेटावर नुसते डोंगरच?

वळणदार

काका, खरं तर तुमच्यासाठीच हा धागा हवा होता. सगळे त्रामुन्तानाची चर्चा करतात आणि मधल्या पठाराला "रेस्ट डे" म्हणून उरकतात. मला हे पटत नाही. मायोर्काचं अर्धं सुख त्या पठारावर आहे.

आल्कूदियाहून निघा, मुरो आणि सा पोब्लाच्या मधून. सा पोब्ला बटाट्याचं गाव, काळसर माती, कडेला विहिरीचं पाणी उपसायला बांधलेल्या जुन्या पवनचक्क्या. पुढे रस्ता इतका अरुंद होतो की समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी थांबायचं. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेल्या कमरेएवढ्या भिंती, भिंतीपलीकडे बदाम, अंजीर, मेंढ्या. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत गेलात तर बदामाला फुलं असतात. मग सिनेउ (बुधवारी बाजार भरतो, त्या दिवशी गावात सायकल हातात धरून चालावं लागतं) आणि पेत्रा. पेत्राच्या चौकात दुपारी भिंतीला टेकवलेल्या सायकली मोजून संपत नाहीत. एवढ्या सगळ्यात चढ म्हणण्यासारखा एकही नाही. जाऊन येऊन साठ-सत्तर किमी. मुलाला घाटावर पाठवा आणि पेत्राला भेटा.

आणि एखाद्या दिवशी मन झालंच तर दक्षिणेला फेलानिचजवळ सान्त साल्वादोर आहे. पाच किमीचा चढ, वर मठ, ५०९ मीटर. वरून चहूकडचं बेट दिसतं. फेलानिच हे गिलेर्मो तिमोनेरचं गाव. मोटरच्या मागे ट्रॅकवर शर्यत करायच्या प्रकारात तो सहा वेळा जगज्जेता. जवळच्या पोरेरेसचा जोआन यानेरास, २००० आणि २००८ ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसचं सुवर्ण. आणि हल्लीचा एन्रिक मास आर्ताचा, २०१८ च्या वुएल्तामध्ये (स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत) दुसरा. तिघेही त्रामुन्तानातल्या गावांचे नाहीत, हे आपलं सहज.

निवृत्त_पण_फिरता

धन्यवाद. पेत्रा पक्कं. सान्त साल्वादोरचं गुडघ्यांना विचारून ठरवतो.

चकलीचक्र (ठाणे)

शाकाहारी माणसाचं काय? एनर्जी जेलवर किती दिवस काढायचे?

मुग्धा_बार्सेलोना

जेलची गरज नाही, पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एन्साइमादा नावाचं गोल गुंडाळीचं पेस्ट्रीसारखं प्रकरण प्रत्येक बेकरीत असतं, वर पिठीसाखर, बघूनच तोंडाला पाणी सुटतं. ते पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात. भाज्या पसरलेली कोका ही चपटी भाकरीही बऱ्याच ठिकाणी तशीच. विचारल्याशिवाय घेऊ नका.

बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे पा आम्ब ओली. जाड पावाचे काप, त्यावर टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल, मीठ. वर हॅम घालून आणतात, तुम्ही चीज सांगा. तुम्बेत म्हणजे वांगं, बटाटा, सिमला मिरची तळून थरावर थर आणि टोमॅटोचा रस्सा, सोबत मासा नको हे मात्र सांगावं लागतं. 'गातो' नावाचा बदामाचा केक असतो, त्यात मैदा नसतो, अंडं असतं. सोयेरचा संत्र्याचा रस तर हवाच. पाणी गावागावांतल्या चौकातल्या नळाला भरून घेता येतं. दुपारी गावातली दुकानं बंद असतात, तेव्हा खिशात काहीतरी असू द्या.

कायद्याचंही लिहिते, कारण विचारणारे विचारतात. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं. जोडीजोडीने चालवायला परवानगी आहे. गाडीने ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवलंच पाहिजे, आणि बहुतेक ठेवतात. राउंडअबाउटमध्ये ग्रुपमधला पहिला आत गेला की सगळा ग्रुप एक वाहन धरतात. पुण्याच्या मंडळींना हे खरं वाटणार नाही. बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा हवा, फोर्मेन्तोरच्या बोगद्यात अंधार आहे. आणि ऑटोपिस्तावर (द्रुतगती मार्गावर) चुकूनही जायचं नाही.

पंक्चरपंत

गाडी थांबून वाट बघते हे वाचून डोळे पाणावले :)

मायोर्का ३१२ या सायकल इव्हेंटबद्दल कोणी सांगेल का? ग्रुपमधल्या एकाला तेच करायचंय.

वळणदार

एप्रिलच्या शेवटी असते. २०१० पासून. ३१२ किमी, चढ ५,००० मीटरच्या आसपास, रस्ते बंद केलेले असतात. सुरुवात प्लाया दे मुरोहून, पहाटे अंधारात. सोबत २२५ आणि १६७ चेही पर्याय आहेत आणि सगळे एकदमच निघतात, चालता चालता ठरवता येतं. पहिल्या शंभर-सव्वाशे किमीत त्रामुन्ताना उरकून टाकतात, नंतर सपाटी. माणसाला वाटतं घाट संपले, आता काय! दुपारनंतर सपाटीवर समोरून वारा सुरू झाला की मग कळतं. तुमच्या मित्राला आधी १६७ करू द्या. सप्टेंबरात जाणार असाल तर हा विषयच नाही म्हणा.

शीतल_तिसरा_गियर

पश्चिमेकडे कोणी वळलंच नाही अजून. आन्द्राचहून एमए-१० ने एस्तेयेन्क्स, बान्याल्बुफार, पुढे वाल्देमोसा, देया आणि सोयेर. सा कालोब्रासारखं एका घाटाचं नाव इथे घेता येत नाही, पण सबंध दिवस समुद्र डाव्या हाताला खाली राहतो आणि रस्ता डोंगराच्या कुशीतून आतबाहेर करत जातो. बान्याल्बुफारच्या डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्या पायऱ्यांची शेतं केली आहेत, पार समुद्रापर्यंत. त्याच्या जरा अलीकडे कड्यावर सोळाव्या शतकातला टेहळणी बुरूज आहे, चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला. सायकलचे शूज काढून शिडीने वर चढा, तळाच्या क्लीट्स (पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या) दगडावर घसरतात. वाल्देमोसाला संगीतकार शोपाँ १८३८-३९ चा हिवाळा राहिला होता, त्यामुळे तिथे बसभर पर्यटक. न थांबता पुढे निघावं हे बरं.

दिशा मात्र हीच ठेवा, आन्द्राचहून सोयेरकडे. वारा फार असेल त्या दिवशी नकोच, काही वळणांवर बाजूने असा तडाखा बसतो की खोल रिमची चाकं जागेवर राहत नाहीत.

वळणदार

हे तंतोतंत. आणि दिशेबद्दल एक भर. तिथे उजव्या बाजूने चालवायचं असल्यामुळे सोयेरकडे जाताना समुद्र पलीकडच्या लेनच्या बाजूला पडतो. कड्याची भीती वाटणाऱ्यांनी हीच दिशा धरावी, कठडा आपल्यापासून एक लेन लांब राहतो. फोटोसाठी थांबायचं तर मात्र रस्ता ओलांडावा लागतो.

पंक्चरपंत

शेवटचा प्रश्न. सायकल इथून न्यायची का भाड्याने घ्यायची?

शीतल_तिसरा_गियर

पुण्याहून? भाड्यानेच. पोलेन्सा, आल्कूदिया, सोयेर, सगळीकडे चांगल्या कार्बन सायकली मिळतात, पण एप्रिल आणि सप्टेंबरसाठी आधी बुक करा. आपले पेडल, शूज, हेल्मेट आणि गार्मिन (सायकलवरचा जीपीएस) न्या. जमलं तर सॅडलही. मागे ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकाची गियरचक्रं) मागून घ्या, लाज बाळगू नका.

ताब्यात घेताना दुकानातच दोन गोष्टी बघा. ब्रेक पॅड उरलेत का, कारण सा कालोब्रा उतरणाऱ्या शंभर लोकांनी ती सायकल तुमच्याआधी वापरलेली असते. मला एका दुकानाने जवळजवळ संपलेले पॅड लावून दिले होते, दारातच बदलून घेतले. आणि पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे. आमच्या ब्रिटनमध्ये उजव्या, तिथे डाव्या. घाटात कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये दोन चकरा मारून सवय करा, आणि जमत नसेल तर दुकानदाराला बदलून द्यायला सांगा.

मुग्धा_बार्सेलोना

पावसाचंही विचारून घ्या. तिकडचा डांबरी रस्ता वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला आहे, ओला झाला की साबण. कायमारीचा उतारही त्या दिवशी सोपा राहत नाही. पाऊस असेल तर डोंगर सोडा आणि काकांबरोबर पेत्राला जा. टायरची हवाही थोडी कमी ठेवा.

पंक्चरपंत

नोंद केली. सप्टेंबरअखेर ठरलं, पोर्ट दे पोलेन्सा. क्रम फोर्मेन्तोर, युक, पेत्रा, सा कालोब्रा. सोयेर वेळ उरला तर. व्हिसाची अपॉइंटमेंट आजच बघतो, शेंगेनच्या तारखा उन्हाळ्यात मिळत नाहीत.

शीतल_तिसरा_गियर

"सोयेर वेळ उरला तर" हे वाचून निषेध नोंदवते. पेत्रा आणि सा कालोब्राच्या मध्ये घाला, काकांना ट्रेनने पाठवा. १९१२ पासूनची लाकडी डब्यांची गाडी आहे, पाल्मा ते सोयेर.

निवृत्त_पण_फिरता

ट्रेन चालेल. सायकल घेतात का गाडीत?

वळणदार

काका, त्या पर्यटकांच्या गाडीत सायकलीचा भरवसा धरू नका, स्टेशनवर विचारून मगच तिकीट काढा. नाहीतर सायकल हॉटेलात ठेवा, सोयेरला उतरा, चौकात रस प्या आणि ट्रामने बंदरावर या. पोरं कोल उतरून येईतो तुमचं जेवण झालेलं असेल.